गार्डसाहेबांचं ड्रोन

खोली दाखवायच्या आधी गार्डसाहेबांनी मला एकच प्रश्न विचारला. पगार किती, घरात माणसं किती, मटण-मासे चालतात का, असलं काही नाही. म्हणाले, "बाई, तुमी सिग्नल तोडता काय?"

मी म्हणाले, "पोलीस नसला आणि चौक रिकामा असला, तर कधीकधी."

त्यांनी बायकोकडं पाहिलं. काकू दारात गहू निवडत बसल्या होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "खरं तं बोलली बिचारी. याच्या आंधीचा नाई म्हने अन् रोज तोडे. देऊन टाका खोली."

अशी मी बडनेऱ्यात भाडेकरू झाले. मी पाटबंधारे खात्यात नोकरीला, आणि अकोल्याहून अमरावतीला बदली झालेली. नवऱ्याचं अकोल्यात हार्डवेअरचं दुकान, ते काही उचलून आणता येत नव्हतं. शुक्रवारी संध्याकाळी गाडीनं अकोला गाठायचं आणि सोमवारी सकाळी परत यायचं, एवढा माझा हिशेब होता आणि त्यासाठी खोली बडनेरा स्टेशनाजवळ हवी होती. घरमालक कसा आहे याची चौकशी मी केली नव्हती. केली असती तरी कुणाला ते नीट सांगता आलं नसतं.

ते रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. पॅसेंजर गाडीवर जायची संधी आली होती, पण पॅसेंजरमध्ये माणसं फार बोलतात म्हणून त्यांनी ती नाकारली. निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली होती, तरी सगळी वस्ती त्यांना गार्डसाहेबच म्हणायची. रेल्वेनं मध्यंतरी गार्ड हे नाव बदलून ट्रेन मॅनेजर केलं, ते त्यांना मान्य नव्हतं. "मॅनेजर बँकेत असते," ते म्हणत. "गाडीवर गार्ड असते."

घर दुमजली होतं. खाली रस्त्याच्या अंगाला एका लग्नाच्या फोटोग्राफरचा स्टुडिओ आणि त्याच्या मागं गार्डसाहेब-काकूंच्या खोल्या. बैठकीत बाबासाहेबांचा मोठा फोटो, त्याच्या शेजारी रेल्वेनं दिलेलं भिंतीवरचं घड्याळ. वर मागच्या बाजूला माझ्या दोन खोल्या. गच्च्या दोन, एक पुढची आणि एक माझ्या स्वयंपाकघराला लागून मागची. या दोन गच्च्यांची पुढं फार गंमत झाली, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

नळाला पाणी एक दिवसाआड यायचं. इतर घरमालक खालून ओरडतात. गार्डसाहेब पुढच्या गच्चीत उभे राहून हिरवी झेंडी दाखवायचे. पाणी जायची वेळ झाली की लाल. हे फक्त आमच्यासाठी नव्हतं, आजूबाजूच्या घरांतल्या बायकाही त्या झेंडीकडं पाहून मोटर लावायच्या. एकदा ते तापानं पडले होते आणि पाणी येऊन गेलेलं अर्ध्या गल्लीला कळलंच नाही. दुपारी बायका काकूंना विचारायला आल्या, "काकू, आज झेंडी कावून नाई दाखवली?" काकू म्हणाल्या, "माणूस आजारी हाय हे कोनी विचारून नाई राह्यलं. झेंडीची तेवढी पडली साऱ्याइले."

दुसरी सवय मागं पाहायची. बसमध्ये, ऑटोत, कुणाच्या मोटारीत, कुठंही बसले की मान वळवून मागच्या काचेतून पाहत राहायचे. मी एकदा म्हणाले, "गार्डसाहेब, जरा पुढं पाहा की, मान अवघडेल." तर म्हणाले, "पुढचं पाहाले डायवर हाय ना." घरी आलेला पाहुणा निघाला की फाटकात उभं राहून तो कोपऱ्यावरून वळेपर्यंत त्याच्याकडं पाहत. वळला की हात वर करत आणि आत येत. पाहुण्याला वाटायचं किती हे प्रेम. काकू म्हणायच्या, "प्रेम कायचं! डबा सुटला तं नाई ना, हे पाहून राह्यले."

आता ड्रोन.

ड्रोन त्यांनी सत्तरी उलटल्यावर घेतलं. खालच्या स्टुडिओवाल्याकडं होतं, हळदीत, वरातीत ते घोंघावत फिरायचं. एके दिवशी त्यानं गच्चीवरून उडवून दाखवलं आणि गार्डसाहेबांनी त्या छोट्या पडद्यावर आपलं घर, गल्ली आणि पलीकडची रेल्वेलाइन एकाच चौकटीत पाहिली. आठ-दहा दिवसांनी मला जिन्यात थांबवून म्हणाले, "बाई, मी उभी जिंदगी गाडीच्या शेपटीवर काढली. इंजिन मले कधी दिसलं तं वळणावर दिसलं, अन् वळणावर मधले डबे दिसेना. पूरी गाडी मी काई पाह्यली नाई. एकदम, इंजिनापासून माह्या डब्यापर्यंत."

"रेल्वेफाटकात उभं राहिलं की दिसते ना," मी म्हणाले.

"फाटकात एक-एक डबा दिसते. ते मोजनं झालं, पाहनं नाई झालं."

मला त्यात वेडगळ असं काही वाटलं नाही. पाटबंधारे खात्यात मीही इतकी वर्षं काढली आहेत आणि एकही कालवा मी धरणापासून शेवटच्या शेतापर्यंत पाहिलेला नाही.

त्यांनी सगळ्यांत हलकं ड्रोन घेतलं, कारण तेवढ्या हलक्याला पायलटचा परवाना लागत नाही हे त्यांनी आधी वाचून काढलं होतं. शिकायला वेळ लावला. रोज सकाळी पुढच्या गच्चीत आधी कठड्याएवढं, मग पाण्याच्या टाकीएवढं वर न्यायचे आणि उतरवायचे. आज टाकीच्या वर न्या म्हटलं तर म्हणायचे, "हात बसू द्या." काकू खालून ओरडायच्या, "माह्ये पापड वाळत घातले हाय तिथी! पंखा लागला तं पाहा!" त्यांचा बेत असा होता, की हात नीट बसला की एके दिवशी गच्चीवरूनच उंच न्यायचं आणि लाइनवरून जाणारी मालगाडी लांबून, बाजूनं, पूर्ण पाहायची. लाइनच्या वर न्यायचं नाही. ती रेल्वेची हद्द, तिथं वेगळी परवानगी लागते. हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यांनी स्वतःच शोधून काढलं आणि स्वतःलाच बजावलं.

हात बसला आणि नेमकं तेव्हाच गावाबाहेरच्या विमानतळावर विमान सुरू झालं.

वऱ्हाडात विमान येणार हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. धावपट्टी होती, तिच्यावर गुरं होती, पहाटे फिरायला जाणारी माणसं होती, विमान तेवढं नव्हतं. त्यामुळं पहिलं विमान आलं त्या दिवशी सगळी वस्ती गच्च्यांवर. गार्डसाहेब इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून पुढच्या गच्चीत उभे. विमान खाली खाली येत डोक्यावरून गेलं तेव्हा त्यांनी हिरवी झेंडी उंच धरली आणि ते दिसेनासं होईपर्यंत तशीच धरून ठेवली. खालून स्टुडिओवाला म्हणाला, "गार्डसाहेब, तुमी नसते तं उतरलंच नसतं पाहा ते." गल्ली हसली. तेही हसले. फार खुशीत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ड्रोनचा सरकारी नकाशा उघडला. कुठं उडवायचं, कुठं नाही, हे त्यात रंगांनी दाखवलेलं असतं. हिरव्यात खुशाल उडवा, पिवळ्यात विमानतळाच्या कंट्रोलची परवानगी घ्या, आणि लालचा विचार सोडा. ते फोन घेऊन वर माझ्याकडं आले. म्हणाले, "बाई, हे मोठं करून दाखवा." मी बोटांनी नकाशा मोठा केला. विमानतळाभोवतीचा लाल पट्टा बडनेऱ्यावर आला होता आणि त्याची कड बरोब्बर आमच्या घरावरून जात होती. पुढची गच्ची लालमध्ये, मागची पिवळ्यात. स्टुडिओ लाल, काकूंचं स्वयंपाकघर पिवळं.

मी म्हणाले, "सोडा हो. एवढं बारीक कोण पाहतं?"

स्टुडिओवाल्यानं तर हात जोडले. "गार्डसाहेब, म्या कालच विमानतळाच्या रोडवर एक हळद केली. नवरदेवाच्या डोक्यावरून उडवलं. कोनी काई म्हनलं काय? तुमी उडवा ना बिनधास्त."

"लाल हाय," ते म्हणाले.

"नकाशात हाय, आभाळात थोडीच हाय?"

"भाऊ, जंगलात सिग्नल लाल असला, आजूबाजूले चिटपाखरू नसलं, तरी गाडी उभी राह्यते. कावून राह्यते?"

"कावून?"

"लाल हाय म्हनून."

त्या दिवसापासून पुढच्या गच्चीत ड्रोन उडालं नाही. राहिली मागची गच्ची, पिवळी, आणि ती माझ्या ताब्यात. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझं दार वाजवलं आणि उभ्याउभ्या विचारलं, "परवानगी आली तं तुमच्या गच्चीतून एकडाव उडवू काय? तुमी भाडं देता, गच्ची तुमची हाय." मी म्हणाले, "गार्डसाहेब, घर तुमचं आहे." ते म्हणाले, "हो का नाई, तेवढं सांगा." मी हो म्हणाले.

पिवळ्याची परवानगी ऑनलाइन मागायची असते. तो अर्ज मी भरून दिला, कारण त्यात मला गती आहे. आमच्या खात्यात दुसरं असतं काय? अर्ज गेला आणि गेलाच. तो पोचला की नाही हेही कळेना. मग एका सुट्टीच्या दिवशी मी त्यांना स्कूटीवर मागं बसवून विमानतळावर नेलं. सगळा रस्ताभर ते मान मागं वळवून बसले होते आणि मला खबर देत होते. "मांगं ट्रक हाय. मांगं दोन मोटरसायकली हाय. आता काई नाई." आरशात पाहायची मला गरज पडली नाही.

दारावरच्या जवानानं विचारलं, "कौनसी फ्लाइट?"

"अपनी," गार्डसाहेब म्हणाले, आणि पिशवीतून ड्रोनचा डबा काढायला लागले. मी घाईघाईनं त्यांचा हात धरला. विमानतळाच्या दारात पिशवीतून काय काढायचं नाही हे मला तेवढं समजत होतं. मग अर्धा तास चौकशी झाली, डबा उघडून पाहणं झालं, आणि शेवटी एक तरुण अधिकारी बाहेर आला. सभ्य होता, नाशिककडचा असावा. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"काका, उडवायचंय कशासाठी?"

"मालगाडी पाहाले."

"मालगाडी पाहायला ड्रोन?"

"मी गार्ड होतो."

अधिकाऱ्यानं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली, म्हणजे माणूस बरोबर आहे, पुढं चला. तो हसला. म्हणाला, "खरं सांगू का, विचारायला आलेले तुम्ही पहिलेच. त्यामुळं याला नेमकं काय काय लागतं ते मलाही बघावं लागेल."

"बघा ना," गार्डसाहेब म्हणाले. "मी थांबतो."

"आत्ता नाही हो काका. वेळ लागेल."

"मालगाडीवर होतो मी, साहेब. थांबायचं मले सांगू नका."

हे खरंच होतं. मालगाडी म्हणजे सगळ्यांना वाट देणारी गाडी. मेल जाऊ द्या, एक्सप्रेस जाऊ द्या, पॅसेंजर जाऊ द्या, मग आपण. कुठल्याशा आडस्टेशनावर आठ-आठ तास उभं राहून, डब्यातच स्टोव्हवर भात शिजवून खाल्लेला माणूस तो. पावसाळा गेला, दिवाळी गेली. महिन्यातून एकदा ते विमानतळाच्या दारापर्यंत ऑटोनं जायचे, त्या अधिकाऱ्याला "काई हालचाल?" एवढं विचारायचे आणि परत यायचे. तिसऱ्या-चौथ्या खेपेला जवान त्यांना बसायला खुर्ची देऊ लागला. मग कंट्रोलचं उत्तर आलं, पोलीस ठाण्याचं पत्र आणा. पोलीस ठाण्यात हवालदार सोबत गेलेल्या काकूंना म्हणाला, "मावशी, घरी बसवा ना म्हाताऱ्याले. आमी कोनाले पकडून नाई राह्यलो." काकू म्हणाल्या, "तुमी पकडता म्हनून थो थांबला नाई, बावा. पत्र देऊन टाका, म्हंजे तुमी बी सुटले अन् मी बी."

पत्र मिळालं आणि पुढं परवानगीही मिळाली. एक ठरलेली सकाळ, एक तास, मागची गच्ची, ठरवून दिलेली उंची. उडवण्याआधी कंट्रोलला फोन करायचा, त्यांनी हो म्हटल्यावर उडवायचं, उतरवल्यावर पुन्हा फोन करायचा. गार्डसाहेबांनी ते सगळं मला दोनदा मोठ्यानं वाचायला लावलं. त्यांना त्या अटींचा राग आला नाही. खरं तर आनंदच झाला. म्हणाले, "हे रेल्वेसारखंच हाय. लाइन क्लिअर घ्या, गाडी सोडा."

त्या सकाळी माझ्या गच्चीत ही गर्दी. काकू, स्टुडिओवाला, शेजारच्या दोघी. मी चहा केला. गार्डसाहेबांनी स्टेशनवरच्या एका जुन्या सोबत्याला विचारून ठेवलं होतं, की अकोल्याकडून कोळशाची एक लांब रिकामी गाडी निघाली आहे आणि त्या तासात ती इथून जाईल. ड्रोन कट्ट्यावर ठेवलं, पंख उघडले, फोन लावला. फोन त्यांनी मोठ्या आवाजावर ठेवला होता, म्हणून पलीकडचं सगळ्यांना ऐकू आलं.

"सर, जरा थांबा. एक विमान यायचंय. ते उतरलं की सांगतो."

"थांबतो," ते म्हणाले.

आम्ही आभाळाकडं पाहत बसलो. विमान काही दिसेना. चहा संपला. शेजारणी कुकर लावायचाय म्हणून निघून गेल्या. आणि मग अकोल्याकडून इंजिनाचा भोंगा ऐकू आला.

स्टुडिओवाला ताडकन उठला. "गार्डसाहेब, आली! उडवा!"

गार्डसाहेबांनी हात वर केला, म्हणजे थांब.

"अवो उडवा ना! विमान अजून मुंबईकडंच असन! त्याच्यात अन् तुमच्या या मच्छरात शंभर कोस अंतर हाय!"

"लाइन क्लिअर नाई मियाली."

"काकू, तुमी तं सांगा!"

काकू उठून त्यांच्याजवळ गेल्या. मी त्यांना नवऱ्याशी एवढ्या हळू बोलताना पहिल्यांदाच ऐकलं. "उडवा जी. वरीसभर हिंडले याच्यासाठी. मी सांगून राह्यली ना, उडवा."

त्यांनी रिमोट दोन्ही हातांत धरला होता. अंगठे दांड्यांवर होते. नुसतं ढकलायचं होतं. घरांच्या मागून गाडी जायला लागली होती. दोन घरांच्या फटीतून एक-एक डबा दिसे आणि जाई. त्यांनी अंगठे हलवले नाहीत. लांब गाडी होती, जायला बराच वेळ लागला. शेवटचा डबा गेला तेव्हा सवयीनं त्यांचा हात वर गेला आणि खाली आला.

मग विमान आलं, उतरलं, आणि फोन आला. "सर, आता घ्या. पण तुमच्या वेळेतली दहा मिनिटंच राहिलीत. आज पुढं वाढवता नाही यायचं."

"ठीक हाय साहेब," ते म्हणाले. त्यांनी ड्रोन नेमून दिलेल्या उंचीपर्यंत नेलं. पडद्यावर आमची घरं, बाभळी आणि रिकामे रूळ दिसले. रूळ मात्र पार लांबपर्यंत दिसले. त्यांनी मिनिटभर पाहिलं, ड्रोन उतरवलं आणि फोन करून सांगितलं, "उतरवलं. आभारी हाव."

स्टुडिओवाला कपाळावर हात मारून जिना उतरून गेला. काकू मात्र बोलल्या. त्यांचं बोलणं मी इथं लिहीत नाही. त्यात बाकी चूक काही नव्हतं.

त्यानंतर पुन्हा अर्ज करू असं मी सुचवलं. ते म्हणाले, "विमानं वाढतीन आता. वाढलीच पायजे. हरघडी त्याइले कायले थांबवाचं?" मग आठवडाभर ते नकाशा घेऊन बसले. मी म्हणाले, अकोल्याला या, माझ्याकडं राहा. त्यांनी मला अकोल्याचा नकाशा दाखवला. तिथंही धावपट्टी आहे आणि तिच्याभोवतीही रंग आहेत. माझं माहेर अकोटचं. तिथं काही अडचण नव्हती, पण मुंबई-नागपूरची मोठी लाइन तिथून जात नाही. शेवटी त्यांचं बोट चांदूर रेल्वेवर थांबलं. पूर्ण हिरवं, आणि मोठी लाइन गावातूनच.

"बरं झालं," मी म्हणाले. "सकाळच्या गाडीनं जा, पाहा, संध्याकाळी परत या."

"मालगाडीले टाइमटेबल नसते बाई. तिची वाट पाहा लागते. उजेडात आली पायजे, वारा नसला पायजे, मधात दुसरी गाडी आडवी नाई आली पायजे. येऊन-जाऊन जमाचं नाई."

"मग?"

"खोली पाह्यली म्या तिथी."

स्वतःचं दुमजली घर असलेला, सत्तरीच्या पुढचा माणूस एक खोली भाड्यानं घेऊन चांदूर रेल्वेला राहायला निघाला, हे गल्लीला पचायला जड गेलं. कुणी म्हणे भांडण झालं, कुणी म्हणे डोक्यावर परिणाम झाला. काकूंनी जाहीर करून टाकलं, "थ्याइले जाऊ द्या. मी या घरातून हालत नाई." गार्डसाहेबांनी दोन पिशव्या आणि ड्रोनचा डबा घेऊन पॅसेंजर धरली. गेल्यावर तिथल्या पोलीस ठाण्यात सांगितलं, ज्या शेतातून उडवायचं त्या शेतकऱ्याला विचारलं. हे मला त्यांनी फोनवर कळवलं. नकाशा हिरवा होता, कुणालाच विचारायची गरज नव्हती.

पाण्याच्या दिवशी गल्लीत पुन्हा ओरडाआरडा सुरू झाला.

महिनाभरानं काकू रविवारचा डबा बांधून माझ्या दारात उभ्या. "चाल व. थो जेवते का नाई, पाहून येऊ." त्या आठवड्यात मी अकोल्याला गेले नव्हते, म्हणून गेले सोबत. स्टेशनवर गार्डसाहेब घ्यायला आले होते. जरा वाळले होते, पण तब्येत ठीक वाटली. ते आम्हाला सरळ शेतावरच घेऊन गेले. तूर काढून झालेली, मोकळं रान, एका बाजूला जरा उंचवटा. तिथून लाइन लांबवर सरळ दिसत होती. बाभळीखाली पोतं अंथरलेलं होतं, पाण्याची बाटली होती. महिनाभर ते रोज सकाळी तिथं येऊन बसत होते. कधी वारा, कधी गाडी अंधारात, एकदा बॅटरी उतरलेली. पूर्ण गाडी अजून मिळाली नव्हती.

आम्ही भाकरी आणि झुणका खाल्ला. दोन एक्सप्रेस गेल्या. त्यांच्याकडं त्यांनी मान वळवूनही पाहिलं नाही. ऊन कलायला लागलं आणि वारा पडला. मग नागपूरकडून मालगाडी आली, सावकाश, नीट दिसेल अशी. त्यांनी हात पुसले आणि ड्रोन वर घेतलं. ते शेतावरच ठेवलं, लाइनकडं नेलं नाही, नुसतं उंच उंच नेलं. आम्ही तिघं पडद्यावर वाकलो.

आली. इंजिन, त्याच्यामागं डबे, डबे, डबे, आणि शेवट. सगळी गाडी एका चौकटीत, काळ्या रानात आडवी. पडदा एवढासा आणि गाडी त्यात या कडेपासून त्या कडेपर्यंत. गार्डसाहेबांनी रिमोट सांभाळत एक बोट काढलं आणि काचेवर, इंजिनापासून मागं मागं नेलं.

"पूरी हाय," ते म्हणाले. "पाहा. पूरी."

काकू चष्मा वर-खाली करत पाहत होत्या. मग त्यांनी विचारलं, "याच्यात तुमचा डबा कोनता?"

त्यांचं बोट शेवटावर थांबलं होतं. शेवटी मालाचाच डबा होता, बाकीच्यांसारखा. "हिले नाई," ते म्हणाले. "आता बऱ्याच गाड्याइले मांगं एक यंत्र लावतात. दिवा असते त्याच्यावर. गार्ड लागत नाई."

"मंग?" काकू म्हणाल्या. "पूरी कावून म्हनता?"

त्यांनी काकूंकडं पाहिलं. रागावले नाहीत. गाडी चौकटीतून हळूहळू निघून गेली. त्यांनी ड्रोन उतरवलं, पंख मिटले, डब्यात ठेवलं.

"बराबर हाय तुह्यं," ते म्हणाले. "हे नाई धरता येत. गार्डवाली चालते अजून. येईन थे बी."

"कधी?"

"थे कोन सांगनार?"

काकूंनी भाकरीचं फडकं झटकलं, डबा पिशवीत घातला. मग म्हणाल्या, "खोलीत कुकर हाय का नाई?"

"नाई. पातेलं हाय."

"पातेल्यात कायची डाळ शिजते?" त्या माझ्याकडं वळल्या. "बाई, माह्या सैपाकघरात वरच्या फळीवर तीन लिटरवाला लहान कुकर हाय. उद्याच्या पॅसेंजरनं कोनाच्या हातून धाडून देशीन."

संध्याकाळच्या गाडीनं मी एकटी परत आले.